शिवण लपवणारा डोळा

१८९२ च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ करू लागले, मुलांना सोबत घेऊन. सिनेमा भारतात यायला अजून चार वर्षं होती. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. कंदील मात्र एकाहून अधिक. एका चित्रावर दुसरं नेमकं पडलं, तरच पात्र हलल्यासारखं वाटायचं. ते नेमकं पडलंय की नाही, हे माणसाचा डोळा ठरवायचा.

१९५२ मध्ये अमेरिकेत सिनेरामा आला. वक्र पडदा, तीन प्रोजेक्टर आणि चित्राच्या मधोमध दोन शिवणी. त्या पुसट व्हाव्यात म्हणून प्रोजेक्टरमध्ये चित्राच्या कडेला दातेरी फण्या थरथरवत. तरी शिवण दिसायचीच.

या गोष्टीतलं पुढचं नाव पुन्हा मराठी आहे. नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात हेन्री फुक्स यांच्या गटात त्यांनी १९९८ आणि १९९९ मध्ये सहकाऱ्यांसोबत जे शोधनिबंध लिहिले, त्यांचा सूर असा: प्रोजेक्टर वाकडेतिकडे ठेवले तरी चालतील, जुळवणी कॅमेरा करेल.

कशी? प्रोजेक्टर भिंतीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चित्रं एकामागोमाग टाकतो. प्रत्येक उभ्या ओळीच्या वाट्याला काळ्या-पांढऱ्याचा वेगळा क्रम येतो, म्हणून १०२४ ओळी ओळखायला १० चित्रं पुरतात. कॅमेऱ्याला कळतं, प्रोजेक्टरचा कुठला पिक्सेल कुठे पडला. भिंत सपाट असेल तर मोजके चार जुळलेले बिंदूही गणिताला पुरतात. खडबडीत असेल तर पृष्ठभागाचा आकारच मोजावा लागतो. मग चित्र आधीच उलट वाकवून पाठवायचं, म्हणजे भिंतीवर ते सरळ दिसतं. दोन चित्रं जिथे एकमेकांवर येतात, तिथे दोघांचा उजेड हळूहळू कमी करत न्यायचा, बेरीज मात्र कायम ठेवायची.

एक गोष्ट तरीही सुटत नाही. प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, थोडा उजेड गळतोच. अंधाऱ्या प्रसंगात सामाईक पट्टा राखाडी दिसतो. उजेड वाढवता येतो, वजा करता येत नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं दैत्यसूदन मंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवर नुसतं कोरीवकाम. सपाट जागा शोधावी लागते. या दगडावर त्याचीच गोष्ट उजेडाने सांगायची ठरवली, तर एकही खिळा न ठोकता सांगता यायला हवी. पडदा लावला तर मंदिरच झाकलं जाईल. इथे कॅमेऱ्याची जुळवणी कामाची आहे: ती भिंतीला हात न लावता तिचे उंचवटे समजून घेते.

आणि महागडा हॉल न बांधता साध्या प्रोजेक्टरांवर मोठं चित्र उभं राहणार असेल, तर ते तालुक्याच्या गावालाही परवडू शकतं. मला या तंत्राचा सगळ्यात मोठा फायदा तोच वाटतो. पटवर्धनांच्या डोळ्याचं काम आता कॅमेरा करतो. काय दाखवायचं, ते मात्र अजून आपल्यालाच ठरवायचं आहे.