नळी पुसली, तेल दिलं, तरी गंज कशामुळे?

रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांना मी नेहमी सांगते की चांगला प्रश्न लॅबमध्येच सापडतो असं काही नाही. आजची गोष्ट बंदूक बाळगणाऱ्या अमेरिकन लोकांच्या एका तक्रारीची आहे. बंदुकीत मला काडीचा रस नाही, रस आहे तो मिठात.

अमेरिकेत बंदूकमालकांच्या शंकांना उत्तरं देणारी सदरं जुनी आहेत. 'आर्म्स अँड द मॅन' (पुढे 'अमेरिकन रायफलमन') या मासिकात टाउनसेंड व्हेलन हे लष्करी अधिकारी १९२१पासून 'डोप बॅग' या नावाने असं सदर चालवत. हरणासाठी कुठली रायफल घ्यावी, कुठलं काडतूस कशात चालतं, असे प्रश्न येत. पण त्या काळातलं सगळ्यांचं रडगाणं वेगळंच होतं. "गोळ्या झाडल्या, त्याच संध्याकाळी नळी पुसून तेल दिलं. आरशासारखी चकचकीत होती. चार दिवसांनी पाहतो तर आत तांबडा गंज!" हे का होतं?

मालकांकडे उत्तर तयार होतं, आणि ते वरवर पाहता बिनतोड होतं. बापजाद्यांच्या काळात काळी दारू होती, तेव्हा नळ्या टिकायच्या. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने धूर न करणारी नायट्रोसेल्युलोजची दारू बनवली, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती सगळीकडे पोचली, आणि मग गंज लागायला लागला. म्हणजे दोष नव्या दारूचा. ती जळून आम्ल तयार होतं, वायू पोलादाच्या छिद्रांत घुसतो आणि नंतर घामासारखा बाहेर येतो, अशीही एक उपपत्ती होती. मग आम्ल मारायला अल्कलीचे द्राव आले. कुणाला गुण यायचा, कुणाला नाही.

इथे जरा थांबा आणि विचार करा. दारू बदलली तेव्हा आणखी काय बदललं?

बदलली ती साफ करायची पद्धत. काळ्या दारूत पंचाहत्तर टक्के सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन राखेच्या रूपात उरतो, म्हणजे पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड वगैरे. ही घाण काढायला लोक नळीत सरळ गरम पाणी ओतत. नव्या दारूची घाण जवळजवळ नाहीच, मग पाणी कशाला? पोलादाला पाणी म्हणजे शत्रू. म्हणून तेल आणि तेलासारखे द्राव आले. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि सगळ्यांनी एकीवरच बोट ठेवलं.

आणि एक गोष्ट अजिबात बदलली नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. ती म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेलं केप. (कोकणात ठासणीच्या बंदुकीमुळे हा शब्द आजही ऐकू येतो.) घोडा आपटला की आधी केपातला मसाला पेटतो, मग दारू. अमेरिकन लष्कराच्या 'एफए-७०' या केपातला मसाला असा होता: पोटॅशियम क्लोरेट ५३ टक्के, लेड थायोसायनेट २५, सुरमा म्हणजे अँटिमनी सल्फाइड १७ आणि टीएनटी ५. आता बारावीची केमिस्ट्री आठवा. क्लोरेटने ऑक्सिजन दिला की उरतं पोटॅशियम क्लोराइड. १२२.५ ग्रॅमला ७४.५ ग्रॅम. म्हणजे मसाल्याच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा नळीत मीठ होऊन बसतो!

अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी १९२२ साली हेच दाखवून दिलं. गंज दारूमुळे नव्हे, केपातून उरलेल्या पोटॅशियम क्लोराइडमुळे येतो. मीठ तेलात विरघळत नाही. तेलाचा बोळा फिरवला की ते तेलाखाली तसंच राहतं, डोळ्याला दिसत नाही, आणि हवा दमट झाली की पाणी ओढून घेतं. २५ अंशांना सापेक्ष आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांवर गेली की पोटॅशियम क्लोराइड स्वतःच पाघळतं. मग पोलादावर खाऱ्या पाण्याचे थेंब, पुढचं सांगायला नको. कोरड्या प्रदेशातला माणूस "माझी नळी तर काही गंजत नाही बुवा" असं म्हणायचा आणि किनाऱ्यावरचा रडायचा, त्याचाही उलगडा यात होतो. उपाय काय, तर आजोबांचाच: पाणी घाला, कोरडं करा, मग तेल द्या.

मला सगळ्यात आवडणारा पुरावा पॉइंट टू-टूच्या छोट्या रायफलींचा आहे. धूररहित दारूने सगळ्यात जास्त त्यांचीच नासाडी व्हायची. दारू दोषी असती तर उलटं व्हायला हवं होतं, कारण त्या काडतुसात दारू चिमूटभरच असते. पण दारूच्या मानाने केपाचा मसाला त्यात खूप जास्त. विदा सगळ्यांसमोर होती, भागाकार कुणी केला नव्हता.

ब्रिटिश लष्कराने मात्र जुनी सवय सोडली नव्हती. ली-एनफिल्डच्या नळीत उकळतं पाणी ओतायला सैनिकांना खास नरसाळं मिळायचं. म्हणजे नीट कारण माहीत नसतानाही माणूस बरोबर वागू शकतो! (थिसिसमध्ये हे चालत नाही, गाइड विचारतातच.)

कारण कळल्यावर तरी केप लगेच बदललं का? नाही. रेमिंग्टनने १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लोरेट नसलेली 'क्लीनबोर' काडतुसं बाजारात आणली, जर्मनीत लेड स्टिफनेटवर आधारलेलं 'सिनॉक्सिड' आलं. अमेरिकन लष्कर दुसऱ्या महायुद्धात बहुतांश क्लोरेटच वापरत राहिलं. हा निव्वळ हट्ट नव्हता. १९१७ साली फ्रँकफर्ड आर्सेनलची केपं दगा देऊ लागली होती आणि ऐन युद्धात मसाला बदलावा लागला होता. त्यानंतर जे केप वर्षानुवर्षं साठवूनही हमखास पेटतं ते सोडायला कोण तयार होईल? गंजलेली नळी बदलता येते, न पेटलेल्या काडतुसाची किंमत वेगळी असते. अपवाद एम-१ कार्बाइनचा. तिच्यातला गॅसचा दट्ट्या सैनिकाला खोलून साफ करता येत नव्हता, म्हणून तिच्या काडतुसांना पहिल्यापासून गंज न आणणारं केप दिलं गेलं.

हा प्रश्न अजून संपलेला नाही. पूर्व युरोपातली जुनी लष्करी काडतुसं स्वस्तात मिळतात, त्यांतल्या बऱ्याच केपांत क्लोरेट असतं, आणि मालक आजही तेच विचारतात. त्यांना हमखास मिळणारा एक सल्ला म्हणजे अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड वापरा, ते मिठाला "न्यूट्रलाइज" करतं. आमच्या लॅबमध्ये पोटॅशियम क्लोराइड रोज लागतं. रेफरन्स इलेक्ट्रोडमधून ते झिरपतं, पांढरी कड धरतं आणि खालचा लोखंडी स्टँड खातं. त्याचा पीएच कुणीही मोजून पाहावा. ते आधीच उदासीन आहे, अमोनिया त्याचं काय करणार? त्या लिक्विडने गुण येतो खरा. बाटलीत बहुतेक पाणीच असतं.