गाडीच्या एसीत घरच्या घरी गॅस भरताना

उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीचा एसी सुरू करावा आणि गार हवेऐवजी कोमट झुळूक अंगावर यावी, हा अनुभव अनेक वाहनधारकांच्या परिचयाचा आहे. ‘गॅस संपला असेल’ हे त्यावरचे ठरलेले निदान. अमेरिकेत हा गॅस सुट्या भागांच्या दुकानांत लहान डब्यांतून मिळतो आणि अनेक गाडीमालक तो घरच्या अंगणातच भरतात. असे डबे भारतातही मिळतात. त्यामुळे हे काम घरी करावे का, हा प्रश्न येथेही गैरलागू नाही.

मुळात एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंदिस्त नळ्यांतून तोच गॅस सतत फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरसमोरील कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो आणि डॅशबोर्डमागील कॉइलमध्ये कमी दाबाखाली उकळताना आतील हवेची उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्या व सांधे यांतून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो. परंतु एका-दोन महिन्यांत एसीचा गारवा पुन्हा नाहीसा झाला, तर कोठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

शिवाय दोष दरवेळी गॅसचाच असतो असेही नाही. केबिन फिल्टर धुळीने भरणे, कंडेन्सरच्या पात्यांत चिखल साचणे, पंखा बंद पडणे, पट्टा सैल होणे किंवा फ्यूज जळणे, यांपैकी कोणत्याही कारणाने गारवा कमी होतो. ही तपासणी घरी सहज करता येते आणि तिला फारसा खर्चही येत नाही.

दाब आणि वजन

घरगुती पद्धत वरकरणी सोपी आहे. इंजिन आणि एसी पूर्ण क्षमतेने चालू ठेवून कमी दाबाच्या तोंडाला डब्याची नळी जोडायची आणि दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत गॅस सोडायचा. खरी अडचण या काट्यातच आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत आतील दाब जवळजवळ तेवढाच राहतो. सिलिंडर अर्धा आहे की भरलेला, हे वजन केल्यावरच समजते. एसीतील गॅसचे वर्तनही याच नियमाने चालते. बाहेरचे तापमान, इंजिनाची गती आणि पंख्याचा वेग यांनुसार काटा हलतो, मात्र आत किती गॅस आहे हे तो सांगत नाही.

बहुतेक लहान मोटारींत अवघा अर्धा किलोच्या आसपास गॅस मावतो. गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधील अचूक प्रमाण बॉनेटखालील लेबलवर छापलेले असते. प्रमाण जास्त झाले तर दाब वाढून गारवा उलट घटतो आणि द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरून तो निकामी होऊ शकतो. प्रमाण फार कमी राहिले तर गॅसबरोबर फिरणारे वंगण कॉम्प्रेसरपर्यंत नीट पोहोचत नाही. काहीशे रुपये वाचवताना यंत्रणेतील सर्वांत महागडा भाग पणाला लागतो तो असा.

धोके

आर-१३४ए हा गॅस वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा फवारा त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून हातमोजे व चष्मा अत्यावश्यक असून हे काम बंद जागेत किंवा ज्योतीजवळ करू नये. डबा जास्त दाबाच्या बाजूला जोडला गेल्यास तो फुटू शकतो. नळी तोंडावर बसत नसेल, तर जोर करू नये. नव्या अनेक गाड्यांत आर-१२३४वायएफ हा निराळा, सौम्य ज्वलनशील गॅस असतो. दोन्ही गॅस एकमेकांत मिसळू नयेत. हायब्रिड व विद्युत गाड्यांच्या कॉम्प्रेसरला विशिष्ट विद्युतरोधक वंगण लागते, त्यामुळे त्या गाड्यांत असा प्रयोग टाळावाच.

या प्रश्नाला पर्यावरणाचीही बाजू आहे. आर-१३४ए ओझोनला हानी पोचवत नाही. परंतु १०० वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. अर्धा किलो गॅस हवेत गेला, तर सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१७ पासून नव्या मोटारींत हा गॅस वापरण्यास मनाई केली. अमेरिकेत १ जानेवारी २०१८ पासून सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या लहान डब्यांना आपोआप बंद होणारी झडप सक्तीची झाली.

चांगल्या गॅरेजमध्ये उरलेला गॅस यंत्राने काढून घेतात, गळती शोधून दुरुस्त करतात, पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा ओढून काढतात आणि मग लेबलवरील प्रमाणानुसार वजन करून गॅस भरतात. यापैकी एकही गोष्ट डब्याने साधत नाही. त्यामुळे फिल्टर व कंडेन्सरची स्वच्छता घरी करावी आणि गॅस मात्र वजनकाटा असलेल्या ठिकाणीच भरून घ्यावा. गॅरेजमध्ये गेल्यावर ‘किती पैसे?’ या प्रश्नाआधी ‘गळती कोठे होती आणि किती ग्रॅम भरला?’ हे विचारणे अधिक हिताचे.