रणांगणावरून घरी निरोप

उल्हासनगराला जुनी माणसे अजूनही 'कॅम्प' म्हणतात, ते उगाच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार थाटले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली.

त्यापूर्वी येथे शिपाई मुक्कामाला येत आणि हुकूम येताच पुढे जात. कुठे जात, हे घरी कळत नसे. लढाईच्या मुलखातून लिहिलेले पत्र आधी सेन्सॉरच्या हाती पडे. पलटणीचा ठावठिकाणा लिहिला असेल तर त्यावर काट बसे. घरी पोचे ती फक्त खुशाली.

प्रत्यक्ष रणांगणात निरोप पोचवायला माणूसच धावे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर मराठा पलटणीचा नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातला जवान असाच कंपनीचा निरोप्या होता. गोळ्यांच्या वर्षावात त्याने दोन जखमी साथीदारांना एकामागून एक नदीपार सुखरूप नेले, मग परत फिरून शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभे राहून कंपनीला पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आज निरोप्या आणि पत्र, दोघांचेही काम खिशातला स्मार्टफोन करतो. मात्र मधला सेन्सॉर गेला. जवान गप्प असला तरी चालू फोन जवळच्या मनोऱ्याशी संधान बांधूनच असतो, आणि शत्रू त्यावरून जागा हेरतो. १ जानेवारी २०२३ च्या पहिल्याच मिनिटांत युक्रेनमधील माकीवका येथे रशियन सैनिकांच्या निवासावर अग्निबाण पडले. रशियाने ८९ मृत्यू मान्य केले आणि बंदी असूनही सैनिकांनी सर्रास वापरलेल्या फोनवर मुख्य ठपका ठेवला. आपल्या सेनेनेही जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ अॅप काढून टाकण्यास सांगितले होते.

तेव्हा ज्या घरचा मुलगा सरहद्दीवर आहे, त्या घरी पाडव्याला फोन वाजला नाही, तर आईने जीव टांगणीला लावू नये, की रुसूही नये. वाजलाच, तर 'कुठे आहेस?' हा प्रश्न गिळावा; 'जेवलास का?' एवढेच विचारावे. त्याने धाडलेले छायाचित्र घरातच राहू द्यावे. पूर्वी जी काट सेन्सॉर मारी, ती आता घरच्यांनी मारायची आहे.