साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं

महिना साडेअकरा पौंड. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने भीमराव रामजी आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधराला न्यूयॉर्कमध्ये राहून शिकण्यासाठी मंजूर केलेली ही रक्कम. तेव्हा एका पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे महिन्याला एकशे साडेबहात्तर रुपये झाले. मुदत तीन वर्षांची.

मी महाविद्यालयात सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकवते. सरकार पैसा कुठून आणतं, कुणावर खर्च करतं आणि कोणत्या अटीवर करतं, एवढाच या विषयाचा गाभा. त्यामुळे बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट मला नेहमी हिशेबाच्या वहीतून दिसत आली. त्यांची बुद्धी, जिद्द, अठरा-अठरा तासांचा अभ्यास यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण त्या अभ्यासाला एक मंजुरीपत्र होतं, एक करार होता आणि एक शेवटची तारीख होती. परदेशी संशोधनासाठी सरकारी पैशावर गेलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या आयुष्यात हे तीन कागद असतात. मी स्वतः अशाच एका शिष्यवृत्तीवर इंग्लंडला पीएचडी केली, म्हणून या कागदांचं वजन मला ठाऊक आहे.

हा पैसा बडोद्याकडूनच का आला, हे आधी पाहायला हवं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांना इतकी भावली की पुढे १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला बोलावून घेतलं. त्या काळी हिंदुस्थानातला हुशार विद्यार्थी परदेशी जायचा तो विलायतेला, बहुधा आयसीएस नाहीतर बॅरिस्टरी करायला. ज्या संस्थानाचा राजा अमेरिकेची ग्रंथालयं आणि शाळा डोळ्यांनी पाहून आला होता, त्यालाच आपली माणसं कोलंबिया विद्यापीठात पाठवावीशी वाटणार.

बाबासाहेबांचं आणि बडोद्याचं नातं त्याआधीच जुळलं होतं. त्यांचे हितचिंतक शिक्षक केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात असताना महाराजांकडून त्यांना दरमहा पंचवीस रुपये मिळू लागले. बीए झाल्यावर ते बडोद्याच्या नोकरीत गेले, पण थोड्याच दिवसांत वडील आजारी पडल्याचं कळलं. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी सुभेदार गेले. त्यानंतर काही महिन्यांत महाराज चार विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार असल्याची बातमी आली. ४ जून १९१३ ला बाबासाहेबांनी करारावर सही केली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा तो करार.

तीन वर्षांच्या पैशाला दहा वर्षांची चाकरी. आज वाचताना हे जाचक वाटतं, पण मला त्यात संस्थानाची गरजही दिसते. बडोद्याला शिकलेला अधिकारी हवा होता आणि महाराजांच्या मनात बाबासाहेबांना पुढेमागे अर्थखातं द्यायचं होतं. राज्याला माणूस घडवायचा होता आणि त्या माणसाकडून काय काम घ्यायचं याचाही विचार झाला होता. पुढच्या काळातल्या पुष्कळ योजनांमध्ये बंधपत्राची अट राहिली, पण परत आलेल्या संशोधकाला नेमकं कुठं बसवायचं याचा विचार गळून पडला.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. सुरुवातीला हार्टले हॉल या वसतिगृहात, मग कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र खोलीवर सोबतीला होता. साडेअकरा पौंडांतून ते मुंबईला पत्नी रमाबाईंकडे घरखर्चाला पैसे पाठवायचे. उरलेल्यातून जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळायचे. सुमारे दोन हजार पुस्तकं त्यांनी तिथे जमवली असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीरांनी लिहिलंय. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी पाहिली की मी दरवेळी थक्क होते. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम, वर फ्रेंच आणि जर्मनची तोंडओळख. ज्याच्या पैशाची मुदत ठरलेली आहे, तोच असा अभ्यास करतो. तीन वर्षांत जे काही उचलता येईल ते सगळं उचलायचं.

१९१५ मध्ये 'प्राचीन भारतीय व्यापार' या प्रबंधावर एमए झाले. ९ मे १९१६ ला मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच उन्हाळ्यात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरचा प्रबंध पूर्ण केला. विषय पाहा: भारताचा व्यापार, भारतातली जात, भारताचं उत्पन्न. घरापासून हजारो मैलांवर बसून ते आपल्याच घराचा अभ्यास करत होते. पुढे याचा संदर्भ येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि नोव्हेंबरात ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं. कोलंबियातले प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूलचे एक संस्थापक सिडनी वेब यांना त्यांच्यासाठी पत्र दिलं होतं. लंडनमध्ये काम जोरात सुरू झालं आणि १९१७ मध्ये बडोद्याहून कळलं की शिष्यवृत्तीची मुदत संपली आहे, परत या.

संशोधन करणाऱ्या माणसाला हे वाक्य कसं लागतं ते मी सांगू शकते. प्रबंधाचं वेळापत्रक मंजुरीपत्रावर छापलेल्या तारखेशी जुळत नाही. एखादा दस्तऐवज मिळायला चार महिने जातात. एखादं प्रकरण तीनदा लिहावं लागतं. मार्गदर्शक सुट्टीवर जातात. कार्यालयाच्या लेखी मात्र शिष्यवृत्ती म्हणजे महिन्यांची संख्या गुणिले दर. माझ्या शेवटच्या वर्षी निर्वाहभत्त्याचा हप्ता महिनोन् महिने अडला होता. मी पत्रं पाठवत होते आणि उत्तरात प्रत्येक वेळी एक नवीन प्रमाणपत्र मागितलं जात होतं. त्या हिवाळ्यात ज्या मैत्रिणींनी मला जेवू घातलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझा प्रबंध पूर्ण झाला. माझ्या ओळखीच्या दोघांचे तसेच राहिले.

बाबासाहेबांच्या हाताशी एक गोष्ट होती: लंडनमधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची शिफारस. तिच्या जोरावर लंडन विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. विद्यापीठाने दार किलकिलं ठेवलं. पैसा देणाऱ्याची मुदत संपली होती, शिकवणाऱ्याने ती वाढवून दिली. या घटनेला चरित्रांमध्ये एखादी ओळ मिळते. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा तिथे आहे, कारण ही मुभा नसती तर १९२३ ची डीएस्सी झालीच नसती.

परतीच्या प्रवासात महायुद्धाने आणखी एक घाव घातला. दुसऱ्या बोटीने पाठवलेलं त्यांचं सामान पाणतीराच्या हल्ल्यात बुडालं आणि त्यात पुस्तकंही गेली. थॉमस कुक कंपनीकडून भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले आणि त्यातून ते कराराप्रमाणे नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला गेले. तिथे काय झालं ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. लष्करी सचिवाच्या हुद्द्यावरच्या माणसाला गावात खोली मिळाली नाही, आणि पारशी पथिकाश्रमातून अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलंय, मी पुन्हा सांगत नाही. माझ्या विषयापुरतं एवढंच म्हणते: राज्याने साडेअकरा पौंड वेळेवर दिले, करारही नीट लिहिला, पण शिकून आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळेल याची तजवीज केली नाही. दहा वर्षांचा करार काही आठवड्यांत निकालात निघाला.

पुढची तीन वर्षं त्यांनी लंडनला परतण्यासाठी पै-पै साठवली. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले तेव्हा गाठीला स्वतःची बचत होती, भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये होते आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत होती. या वेळी शिष्यवृत्ती नव्हती.

इथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला थांबावंच लागतं. १९२० च्या सुरुवातीला सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता, आणि बाजारात तो त्याच्याही वर गेला होता. वर्षाच्या मध्यापासून तो कोसळू लागला. सप्टेंबरात सरकारने तो भाव टिकवण्याचा नाद सोडला आणि १९२१ मध्ये रुपया पूर्वीच्या एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. ज्याची सगळी पुंजी रुपयांत, त्याला लंडनमध्ये दर महिन्याला कमी पौंड हाती पडणार. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांचं कर्ज मागितलं. आणि त्याच काळात ते लिहीत होते तो प्रबंध होता 'रुपयाचा प्रश्न'. विनिमयदराचा अभ्यास करणारा विद्यार्थी विनिमयदराचाच चटका सोसत होता, असा निष्कर्ष मी काढते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उपाशीपोटी काढलेले ते दिवस मला या आकड्यांत दिसतात.

१९२१ मध्ये एमएस्सी झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या. पैसे संपले म्हणून १९२३ च्या एप्रिलात मुंबईला यावं लागलं. दुरुस्त केलेला प्रबंध इथूनच पाठवला आणि वर्ष संपण्याआधी डीएस्सी मिळाली. कोलंबियाची पीएचडी तर त्याहूनही लांबली, कारण त्या विद्यापीठाचा तेव्हाचा नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती दाखल केल्याशिवाय पदवी नाही. छपाईचा खर्च कोणत्याही शिष्यवृत्तीत बसत नव्हता. १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक छापलं, त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना होती, आणि १९२७ मध्ये कोलंबियाने पीएचडी दिली. कोलंबिया सोडल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ते पुस्तक त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केलंय. बडोद्यात जे भोगलं ते भोगूनही, शिक्षणाला मिळालेल्या मदतीचा ऋणनिर्देश त्यांनी छापील पानावर केला.

स्वतः सत्तेच्या मेजापाशी बसल्यावर ते हा हिशेब विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना एक निवेदन दिलं. विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांना देशात शिकण्यासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी विद्यापीठांसाठी एक लाख रुपये, अशी त्यात स्पष्ट मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी शिष्यवृत्त्यांची केंद्रीय योजना सुरू झाली आणि तिच्यातून काही मुलं परदेशीही गेली. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली. महाराष्ट्राने पुढे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपली योजना काढली.

या योजनांनी घडवलेली माणसं मी रोज पाहते, त्यातलीच मी एक. म्हणूनच २०२२ च्या नियमावलीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी केंद्राने ठरवलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांवरच्या संशोधनाला राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मिळणार नाही, कारण ते संशोधन इथेच अधिक चांगलं होऊ शकतं. प्राचीन भारतीय व्यापार, भारतातल्या जाती, प्रांतिक वित्त, रुपया: वर दिलेली यादी आता पुन्हा वाचावी. गोल्डनवायझरांच्या चर्चासत्रात जातीवर बोलताना बाबासाहेबांसमोर असे श्रोते होते ज्यांना त्यांची जात विचारायची नव्हती. तो निबंध १९१६ च्या मुंबईत कोणत्या सभागृहात वाचता आला असता? अंतर हाच त्या संशोधनाचा एक भाग होता. २०२५ च्या जुलैत तर निवड झालेल्या एकशे सहा जणांपैकी पहिल्यांदा चाळीसच जणांना पत्रं गेली आणि इतरांना निधी उपलब्ध झाला तर देऊ असं कळवलं गेलं. विद्यापीठांचे प्रवेश सप्टेंबरचे, व्हिसाला आठवडे लागतात आणि मुलं घरी फोनकडे बघत बसलेली.

माझ्याकडे दर उन्हाळ्यात काही मुलंमुली फॉर्म घेऊन येतात. नांदेड, बीड, चंद्रपूरची. तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, दोन जामीनदार. ज्यांच्या घरात सातबारा नाही त्यांनी जामीनदार आणायचा कुठून, हा प्रश्न अजून तसाच आहे. मी त्यांच्याबरोबर बंधपत्राचं प्रत्येक कलम वाचते. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपल्यावर करायचा नसतो, निदान सहा महिने आधी करायचा आणि त्याला मार्गदर्शकाचं सविस्तर पत्र जोडायचं, हे सांगते. विद्यापीठाकडून नोंदणी खंडित करून परत येण्याची लेखी मुभा काय असते, तेही समजावते, आणि त्यासाठी कॅनन यांनी केलेल्या शिफारशीची हकीकत सांगते. गेल्या खेपेला आलेल्या मुलीने ती वहीत उतरवून घेतली आणि विचारलं, मॅडम, छपाईचा खर्च आता धरतात का? प्रबंध आता ऑनलाइन जमा होतो, ते एक ओझं उतरलं, असं मी तिला म्हटलं. मग आम्ही तिच्या अर्जातल्या जामीनदारांच्या रकान्याकडे वळलो.