कोयता : हत्याराची निवड आणि शब्दाची वाटचाल

भाषेच्या प्रांतभेदांविषयी आपल्याकडे जी प्राचीनतम विधाने झाली, त्यांपैकी एक कापण्याच्या हत्याराविषयीचे आहे. यास्क निरुक्तात सांगतो की, कापणे या अर्थी ‘दा’ धातूचे क्रियारूप पूर्वेकडील लोक वापरतात; उत्तरेकडील लोकांत मात्र त्यापासून झालेले ‘दात्र’ हे नाम तेवढे रूढ आहे. पतंजलीनेही महाभाष्यात हेच उदाहरण घेतले. पुढे गंमत अशी झाली की, उत्तरेचे म्हणून नोंदविलेले हे नाम पूर्वेसच चांगले टिकले. बंगाल व आसामात घरोघरी असणारा ‘दा’ किंवा ‘दाव’ हा त्या दात्राचाच वंशज होय. माणसाच्या हातातील पाते आणि त्याच्या जिभेवरील शब्द यांचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो, एवढे यावरून ध्यानात यावे. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न ‘कोयता’ या शब्दापुरता केला आहे.

मराठीत पात्यांची नावे तीन थरांतून आलेली दिसतात. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘क्षुर’ या कुळातला. क्षेत्राचे शेत आणि इक्षूचा ऊस ज्या ध्वनिनियमाने झाला, त्याच नियमाने ही सुरी घडली. ‘चाकू’ फारसीच्या वाटेने आला. ‘कोयता’ मात्र दक्षिणेचा आहे. तमिळ व मल्याळम् ‘कोय्’, कन्नड ‘कोय्यु’, तेलुगू ‘कोयु’ ही सारी कापणे, खुडणे या अर्थाची क्रियापदे. कन्नडमध्ये ‘कोयलु’ म्हणजे सुगीची कापणी. बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाने (१९६१) हे कुळ एकत्र मांडले आहे. म्हणजे ज्या उसाचे नाव आर्यकुळातले, तो तोडणाऱ्या हत्याराचे नाव द्राविडी कुळातले. सुरी स्वयंपाकघरात आणि चाकू खिशात राहिला. घराबाहेरच्या जड कामासाठी मराठी माणसाने जे पाते निवडले, त्याचे नावही त्याने त्या कामातल्या शेजाऱ्याकडूनच घेतले असावे, असे अनुमान करावयास जागा आहे.

ही निवड कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. मिटणारा चाकू खिशास सोयीचा. पण त्याचा सारा भार एका खिळीवर असतो आणि घाव घालण्याच्या कामात ती खिळी प्रथम ढिली होते. म्हणून रानातले पाते मुठीत पक्के बसविलेलेच हवे. दुसरी गोष्ट वजनाची. भार मुठीपेक्षा पात्याच्या पुढच्या अंगास अधिक असला, तर हत्यार स्वतःच्या वजनाने पडते आणि मनगटाचे कष्ट वाचतात. मात्र तोच भार अति झाला, तर दुपारपर्यंत हात भरून येतो. तिसरी गोष्ट पोलादाची. धार कठीण आणि पाठ काहीशी मऊ असावी लागते. धार मऊ असेल तर ती वळते, सारेच पाते कठीण असेल तर गाठीवर आपटून त्याचा तुकडा उडतो. हे साधण्यासाठी लोहार पात्याला पाणी देतो. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यास आजही मागणी असते, ती याच कारणाने.

कामाप्रमाणे आकार बदलतो. कोकणातील कोयत्याचे टोक आत वळलेले असते. कवळ तोडताना ते फांदीस आपल्याकडे ओढते, आणि तोच कोयता नारळ सोलण्या-फोडण्यासही चालतो. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून तो कमरेच्या आकडीत अडकवितात. कोडगूमधील ओडिकत्ती हे रुंद, बाकदार पाते. ते कमरेच्या मागे पितळी अडकवणीत बसविण्याची रीत आहे. कोयता आणि ओडिकत्ती यांची घडण निराळी असली, तरी हात मोकळे ठेवण्याची गरज एकच होती.

देशावरच्या कोयत्यास निराळे काम मिळाले. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतरच्या दशकांत असे कारखाने वाढत गेले आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, विशेषतः बीडच्या बाजूने, ऊसतोडीस जाणाऱ्यांची वाट रुंद झाली. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि खोडवाही चांगला फुटतो. सबंध हंगाम वाकून हे काम करावयाचे असल्याने तोडणारा माणूस कोयता पारखून घेतो. तो हातात तोलून पाहतो, मूठ तळव्यात नीट बसते की नाही हे बघतो आणि धार पाजळण्याचे काम दुसऱ्यावर सोपवीत नाही.

येथेच शब्दाने नवे वळण घेतले. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे हत्यार नव्हे. एक कोयता म्हणजे दोन माणसे, बहुधा नवरा-बायको. मुकादम हंगामापूर्वी जी उचल देतो, ती कोयत्यामागे ठरते. टोळी किती मोठी, याचे उत्तर कोयत्यांच्या संख्येने दिले जाते. एकटा माणूस असेल, तर तो ‘अर्धा कोयता’.

वस्तूच्या नावाने माणसे मोजणे मराठीस नवे नाही. गावात शंभर उंबरे आहेत असे आपण म्हणतो. भाऊ वेगळे झाले की चुली दोन झाल्या म्हणतो. अलंकारशास्त्र यास लक्षणा म्हणून मोकळे होईल. परंतु उंबरा किंवा चूल ही ज्याची त्याची असते आणि तिच्या नावाने मोजल्यावर घर पुरे मोजले जाते. कोयत्याच्या मोजणीत माणूस वजा होतो. ऊस तोडणारा आणि मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी, हे दोघे मिळून एक हत्यार ठरतात. त्यांतील एकास पूर्णांकही मिळत नाही. एकीचा खाडा पडला, तर कोयता अडतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्याची वेळ राज्यावर आली. त्या प्रश्नाची कारणे अनेक असतील. परंतु बाईच्या आजारपणास ज्या हिशेबात रकानाच नाही, तो हिशेब त्यांतील एक होय, असे म्हणणे अवाजवी ठरू नये.

अलीकडे या शब्दावर आणखी एक छाया पडली आहे. २०२२ च्या अखेरीपासून पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्दप्रयोग रुळला, आणि शहरातील नव्या वाचकास कोयता प्रथम भेटतो तो दहशतीचे शस्त्र म्हणून. कोशकाराने ही नोंद अवश्य करावी. परंतु क्रम लावताना त्याने काळाचा आणि कामाचा मान राखावा : प्रथम कापणी, मग हत्यार, मग ते चालविणारी दोन माणसे, आणि शेवटी शस्त्र.

आजचे कोश कोयत्याचा दुसरा अर्थ देतात. तिसरा अर्थ मुकादमाच्या वहीत आणि कामगारांच्या तोंडी आहे. तो कोशात आला पाहिजे. त्याने मजुरी वाढणार नाही, हे खरे. परंतु जो माणूस बाजारात कोयता पारखून घेतो, तोच पुढे कोयता म्हणून मोजला जातो, ही गोष्ट भाषेने जाणली आहे; ती नोंदविण्यास भाषेच्या अभ्यासकांनी उशीर करू नये.