पाइपला सुट्टी का द्यावी लागते?

पाइप ओढणाऱ्यांमध्ये एक नियम अगदी सोवळ्यासारखा पाळला जातो. एकदा ओढून झालेला पाइप लगेच पुन्हा भरायचा नाही. तो थंड होऊ द्यायचा, राख झटकायची, लवदार तार आत फिरवून ओल पुसून घ्यायची आणि किमान एक दिवस त्याला रॅकवर ठेवून द्यायचं. उद्या ओढायचाच असेल तर दुसरा पाइप घ्यायचा. याला ते 'पाइपला विश्रांती देणं' म्हणतात.

सच्छिद्र पदार्थांमध्ये पाणी कसं शिरतं आणि बाहेर कसं पडतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे या नियमाकडे मी आधी भौतिकशास्त्राचा प्रश्न म्हणूनच बघितलं. पण भौतिकशास्त्र निम्मंच उत्तर देतं. उरलेलं निम्मं इतिहासात आहे. युरोपात तंबाखू सोळाव्या शतकात पोचली; हा नियम मात्र तिच्याबरोबर आला नाही. तो बराच नंतर, एका विशिष्ट लाकडाबरोबर आला.

पाणी येतं कुठून?

पाइपचे तीन भाग धरू: तंबाखू भरायची वाटी, तिला जोडलेली दांडी आणि तोंडात धरायची नळी. ओढून झाल्यावर दांडीत पाणी साठलेलं असतं. पहिला संशय थुंकीवर जातो, आणि थोडी थुंकी असतेही. पण मोठा वाटा जळण्यातून येतो.

साधा हिशेब करू. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं. 162 ग्रॅम सेल्युलोज पूर्ण जळलं तर 90 ग्रॅम पाणी तयार होतं, म्हणजे वजनाच्या निम्म्याहून जास्त. तंबाखूत सेल्युलोजशिवाय इतर बरंच काही असतं आणि पाइपमधलं ज्वलन कधीच पूर्ण नसतं, त्यामुळे खरा आकडा कमी येणार. तरीही 2 ग्रॅम तंबाखूच्या एका वाटीतून पाण्याचे बरेच थेंब निघू शकतात हे स्पष्ट आहे. शिवाय पाइपची तंबाखू मुद्दाम थोडी दमट ठेवलेली असते, ती ओल वेगळीच. म्हणजे तंबाखू कितीही कोरडी करा, पाणी टळत नाही. गरम वाटीत ते वाफ असतं, गार दांडीत पोचलं की त्याचे थेंब होतात. त्यात टार आणि निकोटीन मिसळून तपकिरी, कडू रस तयार होतो.

या रसाचं करायचं काय? प्रत्येक काळाने याचं उत्तर आपापल्या हाती असलेल्या पदार्थाप्रमाणे दिलं.

माती: विश्रांती नाही, भट्टी

सतराव्या आणि अठराव्या शतकातला इंग्लंड-हॉलंडमधला सर्वसामान्य पाइप म्हणजे पांढऱ्या मातीचा, लांब बारीक दांडीचा पाइप. लंडनजवळ वेस्टमिन्स्टरच्या पाइप कारागिरांच्या संघाला 1619 मध्ये राजाची सनद मिळाली होती. हॉलंडमधलं खाउडा हे गाव आज आपण चीजमुळे ओळखतो, पण तेव्हा ते पाइपसाठीही प्रसिद्ध होतं.

भाजलेली माती सच्छिद्र असते. केशाकर्षणाने ती रस शोषून घेते. ही शोषण्याची ताकद इतकी, की कोरड्या मातीची दांडी ओठाला चिकटते. म्हणून कित्येक कारागीर टोकाला मेण किंवा चकाकीचा लेप देत. काही वेळा ओढल्यावर माती रसाने भरून जायची आणि पाइप कडू लागायचा. पण तो वाळवत बसायची गरज नव्हती, कारण माती मुळात आगीतूनच आलेली. ती पुन्हा आगीत घातली की झालं. खानावळींमध्ये आणि मद्यगृहांमध्ये त्यासाठी लोखंडी पट्ट्यांचे पाळण्यासारखे सांगाडे असत. त्यात मळलेले पाइप रचायचे आणि सांगाडा भट्टीत सरकवायचा. आतलं सगळं जळून जायचं आणि पाइप पांढरेशुभ्र होऊन बाहेर यायचे.

आपल्याकडची चिलीमही मातीचीच. गंमत म्हणजे तिच्या तळाशी ओलं फडकं, म्हणजे साफी, गुंडाळतात. तिथे ओल मुद्दाम आणली जाते, धूर गार करायला. हुक्क्यात तर धूर थेट पाण्यातूनच जातो. म्हणजे ओल ही धूम्रपानाची सरसकट शत्रू नाही. ती शत्रू कधी ठरते ते पदार्थावर अवलंबून आहे.

मातीचा पाइप अतिशय स्वस्त होता आणि चटकन फुटायचा. युरोपात आणि अमेरिकेत जुन्या वस्त्यांच्या उत्खननात त्याच्या दांड्यांचे तुकडे ढिगाने सापडतात. पुरातत्त्वज्ञांनी त्याचा छान उपयोग करून घेतला. दांडीचं भोक काळानुसार बारीक होत गेलं, हे जे. सी. हॅरिंग्टन यांनी 1954 मध्ये दाखवलं, आणि त्यावरून वस्तीचा काळ काढायची पद्धत बसली. जी वस्तू इतकी फेकली जाते, तिला विश्रांती कोण देणार?

समुद्राचा फेस

दुसरा पदार्थ मीरशॉम. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ 'समुद्राचा फेस'. प्रत्यक्षात ते सेपिओलाइट नावाचं खनिज आहे, तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरजवळच्या खाणींतून निघणारं. त्याची रचना तंतुमय, आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या आणि वजन इतकं हलकं की कोरडा तुकडा पाण्यावर तरंगू शकतो. व्हिएन्नाच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात त्यावर अफाट कोरीवकाम केलं.

मीरशॉम रस पितं, पण गरम झाल्यावर लाकडासारखं फुगत किंवा तडकत नाही. त्यामुळे असा पाइप दिवसातून अनेकदा ओढला तरी चालतो, असं पाइपवाले आजही सांगतात. उलट शोषलेल्या रसाने पांढऱ्याचा मधाळ आणि मग तपकिरी होत जाणारा रंग हेच त्याचं सौंदर्य. जो डाग मातीच्या पाइपमधून जाळून टाकायचा, त्याचीच इथे मालक वर्षानुवर्षं वाट बघायचा. अडचण एकच, मीरशॉम महाग आणि नाजूक.

आगीतून वाचणारं लाकूड

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रायर आलं आणि चित्र बदललं. इंग्रजी 'ब्रायर' हा शब्द इथे फ्रेंच 'ब्रुयेर'वरून आलेला आहे, काटेरी गुलाबाच्या झुडपाशी त्याचा संबंध नाही. हे झुडूप म्हणजे एरिका आर्बोरिया, भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणारं. खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर त्याला एक गाठ येते. वणव्यात वरचं झुडूप जळून गेलं तरी या गाठीतल्या कळ्यांमधून ते पुन्हा फुटतं. पाइप कोरला जातो तो या गाठीतून. आगीला तोंड द्यायची सवय असलेलं लाकूड आगीचं भांडं करायला निवडलं गेलं, ही निवड अनुभवाने झालेली असली तरी चोख आहे.

फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं सां-क्लोद हे लाकूड कातणाऱ्यांचं गाव. यात्रेकरूंसाठी जपमाळा आणि लहानसहान वस्तू करणाऱ्या तिथल्या कारागिरांनी 1850 च्या दशकात ब्रायर हाती घेतलं आणि गाव पाइपची राजधानी बनलं. ब्रायरचं सगळं कसब ओलाव्याभोवती फिरतं. काढलेली गाठ कापेपर्यंत ओली ठेवायची, नाहीतर ती तडकते. कापलेले ठोकळे कित्येक तास पाण्यात उकळायचे, म्हणजे आतले रस आणि टॅनिन निघून जातात. मग महिनोन् महिने सावकाश सुकवायचे.

एवढ्या कष्टाने सुकवलेल्या लाकडात ओढणारा दर वेळी पुन्हा पाणी घालतो. लाकडाच्या पेशीभित्तिका पाणी घेऊन फुगतात आणि सोडून आकसतात. वाटीची आतली बाजू ओली आणि गरम, बाहेरची कोरडी आणि त्यामानाने गार, म्हणजे एकाच भिंतीत दोन वेगळे ताण. पाइप ओलाच असताना पुन्हा पेटवला तर अडकलेल्या पाण्याची वाफ होते, कडवटपणा वाढतो, आणि हे वारंवार झालं तर लाकूड तडकतं. लाकडाला भट्टीत घालून शुद्धही करता येत नाही. मग एकच उपाय उरतो: वेळ.

किती वेळ? जाड भिंतीतून पाणी विसरणाने बाहेर पडतं, आणि विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंत दुप्पट जाड असेल तर वेळ साधारण चौपट. शिवाय लाकूड हवेपेक्षा कोरडं होऊ शकत नाही. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता 90 टक्क्यांजवळ असते, तेव्हा कितीही दिवस ठेवलं तरी लाकडात वजनाच्या सुमारे 20 टक्के पाणी राहणारच. म्हणजे 'एक दिवस' हा काही निसर्गाचा स्थिरांक नाही. माणसाच्या दिनक्रमात सहज बसणारं ते एक माप आहे.

सात वार, सात पाइप

इथे अर्थशास्त्र शिरतं. एक दिवस विश्रांती द्यायची तर किमान दोन पाइप हवेत. दुकानदारांनी हे अचूक हेरलं. सात पाइपांची पेटी विकली जाऊ लागली, वारागणिक एक. काही पेट्यांमध्ये पाइपच्या चांदीच्या कड्यावर वाराचं नावसुद्धा कोरलेलं असे. गरजेतून आलेला नियम आता ऐपत दाखवायला लागला. त्याच काळात गोदीवरचा मजूर आखूड दांडीचा एकच मातीचा पाइप दिवसभर ओढत होता. त्याचा पाइपही थकत नव्हता आणि त्यालाही कुणी सुट्टी देत नव्हतं.

सात पाइप नसलेल्यांसाठी यंत्रज्ञ पुढे आले. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसन यांनी 1890 मध्ये ज्या पाइपचं पेटंट घेतलं, त्याच्या दांडीत धुराच्या वाटेखाली एक खळगा होता. पाणी त्यात साचायचं आणि धूर वरून जायचा. लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांनी 1912 मध्ये आतून काढता-घालता येणाऱ्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं, म्हणजे मळ लाकडाला न लागता नळीत राहील.

वाळवण्याचं वेड कुठवर जाऊ शकतं हे कॉनन डॉयल यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या 'इंजिनीअर्स थम्ब' या कथेत शेरलॉक होम्स न्याहारीआधी जो पाइप ओढतो, त्यात आदल्या दिवशीच्या पाइपांतली उरलेली, शेकोटीवरच्या फळीवर नीट वाळवून ठेवलेली तंबाखू असते. पाइप कोरडा हवा हे सगळेच मानत होते. होम्स त्यातला गाळही कोरडा करून पुन्हा ओढत होता.

आणि ओठ?

या तीनशे वर्षांत माती भाजली गेली, मीरशॉमचे रंग जपले गेले, लाकूड उकळलं आणि सुकवलं गेलं, पेटंटं निघाली. या सगळ्यात विचारलेला प्रश्न एकच होता: पाइप कडू का लागतो आणि का तडकतो? त्याच नळीच्या दुसऱ्या टोकाला काय होतंय, याची नोंदही जुनीच आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ साम्युएल थॉमस झॉमरिंग यांनी 1795 मध्येच लिहून ठेवलं होतं की ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांमध्ये जास्त दिसतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने पाइप आणि ओठाचा कर्करोग यांतला कार्यकारणभाव मान्य केला तो 1964 मध्ये. मधली 169 वर्षं. पीटरसनचा खळगा आणि डनहिलची नळी दोन्ही याच काळातल्या.

कोरडा पाइप चवीला सौम्य लागतो, पण धूर तोच असतो. तरीही चांगला वाळवलेला, फिल्टर लावलेला, पाण्यातून गेलेला धूर 'हलका' असतो ही समजूत अजून गेलेली नाही. आपल्याकडे हुक्का पार्लरमध्ये ती रोज ऐकू येते. पाणी धूर गार करतं, हे खरं. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतो. तो बुडबुड्यांबरोबर वर येतो आणि सरळ छातीत जातो.