पनवेलची वैद्यसभा आणि एक जुना प्रश्न : उमेदवार तयार झाला, हे कोणी ठरवायचे?

१९०८ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पनवेल गावी वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरले. आदल्या वर्षी नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी या संमेलनाचा पाया घातला होता. पनवेलचे हे दुसरे अधिवेशन. आज एक्स्प्रेस-वे, विमानतळ आणि लोकल गाड्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या शहराच्या आठवणीत ती सभा फारशी उरलेली नाही. परंतु त्या चळवळीने जे प्रश्न हाती घेतले, त्यांतला एक अजूनही जिवंत आहे. गुरूच्या घरी उमेदवारी करून शिकलेला मुलगा खरोखरच वैद्य झाला आहे, याची खात्री समाजाने कशी करून घ्यायची?

आजचा हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे. आयुर्वेदाचे अमुक औषध लागू पडते की नाही, हा वाद स्वतंत्र आहे आणि तो इथे नको. आपल्याला पाहायची आहे ती परीक्षा.

प्रथम पनवेलच का, ते पाहू. खाडीमार्गे मुंबईशी आणि बोरघाटामार्गे देशाशी जोडलेले हे जुने बंदर. कर्नाळा, माथेरान, घाटमाथा इथल्या वनस्पती हाताशी. येथेच १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्रीधूतपापेश्वर हा औषधी कारखाना उभारला. नाव राजापूरजवळच्या धूतपापेश्वर महादेवाचे, कारखाना मात्र पनवेलचा. काढे, आसवे, भस्मे वैद्याच्या माजघरातून बाहेर पडून बाटलीबंद होऊ लागण्याच्या काळातले हे एक महत्त्वाचे ठिकाण. माझ्या मते वैद्यांच्या सभेला पनवेल जवळचे वाटण्याचे मोठे कारण हेच असावे. औषध घरात कुटले जात होते तोवर ते कुटणारा शिष्य गुरूच्या डोळ्यांसमोर असे. ते कारखान्यात गेले, तेव्हा शिष्याच्या शिक्षणाचा निम्मा भाग घराबाहेर गेला.

तो निम्मा भाग हलका नव्हता. वैद्याच्या घरी राहणारा मुलगा आधी खल चालवी. मुळी निवडणे, साली वाळवणे, काढा आटवणे, भस्माला पुटे देणे ही कामे वर्षानुवर्षे चालत. मग गुरूची पिशवी धरून रोग्याच्या घरी जाणे, कोपऱ्यात बसून ऐकणे. पुढे कधीतरी गुरू म्हणत, ‘तू पाहा.’ परीक्षेचा दिवस नेमलेला नसे, कारण परीक्षा रोजच चाले. निकालही जाहीर होत नसे. ज्या दिवशी गुरू स्वतः न जाता शिष्याला पाठवी, त्या दिवशी गावाला निकाल कळे.

या पद्धतीचे बळ उघड आहे, पण दोषही तितकाच उघड आहे. गुरूच चुकीचा असेल तर? मुलगा गुरूचाच पुत्र असेल तर?

हा दोष आपल्या प्राचीन ग्रंथकारांना ठाऊक नव्हता, असे कोणी समजू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याचा वेष घेऊन फिरणाऱ्यांचे मोठे बोचरे वर्णन आहे : स्वतःची स्तुती करीत रोग्याच्या घराभोवती घुटमळणारे, आणि कोणी प्रश्न विचारला की अंग चोरणारे. सुश्रुत त्याहून कठोर आहे. केवळ ग्रंथ पाठ असलेला वैद्य रोग्यासमोर रणांगणातल्या भित्र्यासारखा गोंधळतो. आणि ग्रंथ न जाणता केवळ हातसफाई शिकलेला राजदंडास, थेट वधास, पात्र ठरतो. दोघेही त्याच्या दृष्टीने एका पंखाचे पक्षी.

म्हणूनच सुश्रुतसंहितेत रोग्याला हात लावण्याआधीचा सराव सांगितला आहे, आणि तो वाचताना एखाद्या उत्तम कार्यशाळेत शिरल्यासारखे वाटते. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भेदण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या चामडी पिशव्यांवर. खरवडण्यासाठी केसांसकट ताणलेले कातडे. शिर वेधण्यासाठी कमळाचा देठ. व्रणात शलाका घालून वाट शोधायची, तर किड्यांनी पोखरलेले लाकूड. आत रुतलेली वस्तू बाहेर काढण्यासाठी फणसाचा आणि बेलाचा गर. शिवणकामासाठी कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडा. आणि पट्टी बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा! आजच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्रशिक्षणाच्या पुतळ्यांचा हा फार जुना पूर्वज. पुढच्याच अध्यायात अटी येतात : शास्त्र शिकलेला, त्याचा अर्थ लावलेला, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला, स्वतः सराव केलेला आणि शेवटी राजाची अनुज्ञा मिळालेला वैद्यच व्यवसायाच्या वाटेवर पाऊल ठेवू शकतो. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

परंतु हाताचे कौशल्य तपासणे त्या मानाने सोपे. कोहळा नीट कापला की नाही, ते डोळ्यांना दिसते. विचार कसा तपासायचा?

पाली विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर त्याने आचार्यांना विचारले, हे शिक्षण संपणार तरी कधी? आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले, तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि औषधी नसलेली जी वनस्पती दिसेल ती आण. जीवक फिरून रिकाम्या हाताने परतला. अशी एकही वनस्पती सापडली नाही, म्हणाला. आचार्यांनी त्याला वाटखर्चापुरते द्रव्य देऊन निरोप दिला. ही गोष्ट शाळेत आपण वनस्पतींच्या महतीची म्हणून ऐकतो. मला ती परीक्षकाच्या चातुर्याची वाटते. पाठ केलेल्या यादीने हा प्रश्न सुटत नाही. समोरची प्रत्येक वनस्पती कोणत्या शरीरात, कोणत्या अवस्थेत, कोणत्या मात्रेत उपयोगी पडेल, असा उलटा विचार केल्यावाचून ‘एकही नाही’ हे उत्तर धीराने देता येत नाही.

चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात याच विचाराचा सांगाडा दिला आहे. प्रसंग जवळजवळ तोंडी परीक्षेचा. एखाद्याने वैद्याला विचारले, की उपचार योजण्यापूर्वी काय काय पारखशील, तर काय सांगावे? आधी प्रश्नकर्ता खरोखर जिज्ञासू आहे की केवळ अडवू पाहतो आहे ते ओळखावे, असा व्यवहारी सल्लाही तिथे आहे. (तोंडी परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला हा सल्ला पटेल.) मग दहा पारखण्याच्या गोष्टी येतात : कर्ता म्हणजे वैद्य स्वतः, साधन म्हणजे औषध, बिघाडाचे मूळ, साधायचे कार्य, त्याचे फळ, पुढचा परिणाम, देश, काळ, कृतीचा आरंभ आणि उपाय. यादीत पहिला क्रमांक वैद्याचा आहे, हे विशेष. हे काम माझ्या हातून होण्याजोगे आहे का, असे त्याने आधी स्वतःला विचारायचे.

आज ज्याला ‘सिस्टिम्स थिंकिंग’ म्हणतात, म्हणजे एकेक भाग सुटा न पाहता भागांचे परस्परसंबंध पाहणे आणि पाहणाऱ्यालाही त्या चित्रात धरणे, त्याच्याशी याचे नाते चटकन ध्यानात येईल. लुडविग फॉन बेर्टालन्फी यांचा सामान्य प्रणाली सिद्धान्तावरचा प्रसिद्ध ग्रंथ १९६८ चा. इंग्लंडमध्ये तर आता या विषयाची रीतसर व्यावसायिक उमेदवारी आहे, आणि शेवटी उमेदवाराने प्रत्यक्ष केलेल्या कामावर चर्चा करून त्याला पारखतात. दोन्ही परंपरा एकच आहेत असा दावा मी करणार नाही; ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ हे वाक्य इतिहासाच्या अभ्यासकाने जपून वापरावे. अडचण मात्र दोघांची सारखीच आहे : संबंध पाहण्याची दृष्टी गुणपत्रिकेत कशी उतरवायची?

आता पुन्हा पनवेलकडे. एकोणिसाव्या शतकात सुश्रुताचा तो ‘राजा’ बदलला होता. मुंबईत १८२६ मध्ये देशी भाषांतून पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारी शाळा निघाली आणि १८३२ मध्ये बंद पडली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. विद्यालय, अभ्यासक्रम, लेखी प्रश्नपत्रिका, पदवी अशी नवी साखळी तयार झाली. राजाची अनुज्ञा आता छापील कागदावर येऊ लागली आणि वैद्याकडे तो कागद नव्हता. मुंबईत १८९६ मध्ये प्रभुराम आयुर्वेद विद्यालय निघाले ते याच काळात.

पदेशास्त्री (१८६७–१९०९) यांनी हे ओळखले होते. घराघरांत पोहोचलेल्या ‘आर्यभिषक्’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून ते आज आठवतात; संघटक म्हणून त्यांचे काम मला अधिक मोठे वाटते. संमेलनाच्या चळवळीतून आयुर्वेद विद्यापीठ उभे राहिले आणि भिषक्, विशारद, आचार्य अशा चढत्या परीक्षा सुरू झाल्या. विखुरलेल्या गुरुगृहांना एकच मोजपट्टी मिळाली. गुरूने शिकवावे, परीक्षा मात्र तिऱ्हाइताने घ्यावी, ही त्यामागची कल्पना साधी दिसते, पण तिने गुरूच्या हातचा निकाल काढून घेतला. पनवेलच्या अधिवेशनानंतर वर्षभरातच पदे वारले; तिसरे अधिवेशन १९११ मध्ये प्रयाग येथे भरले. चळवळ माणसाबरोबर संपली नाही.

घाई करण्यास कारणही होते. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. नोंदवही पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच. नोंदणी झालेल्या डॉक्टराने नोंदणीबाहेरच्या वैद्याशी व्यावसायिक सहकार्य केले, तर त्याच्यावर कारवाई होऊ शकत असे. पिढ्यान्‌पिढ्या गाव सांभाळणारे वैद्य एका रात्रीत ‘बिगरनोंदणीचे’ ठरले.

तरीही लेखी परीक्षेने काय गमावले, तेही पाहिले पाहिजे. नाडीचेच उदाहरण घ्या. लोकांच्या मनात वैद्य म्हणजे नाडी. पण चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाही, ती शार्ङ्गधराच्या काळात ग्रंथात दिसू लागते. म्हणजे परंपरेतही अभ्यासक्रम बदलत होता. ही नाडी प्रश्नपत्रिकेत विचारली, तर उमेदवार हंस, बेडूक, साप यांच्या गतींची वर्णने अचूक लिहील, आणि त्याच्या बोटांना काही कळते की नाही हे परीक्षकाला कळणारच नाही. कागद पाठांतराला बक्षीस देतो. सुश्रुताचा एक पंख बळकट होतो, दुसरा कोणी मोजत नाही.

१९३८ मध्ये मुंबई प्रांताने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र नोंदणीचा कायदा केला. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते आणि आरोग्यमंत्री होते डॉ. गिल्डर, स्वतः पाश्चात्त्य वैद्यकातले नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. या कायद्यात मला सर्वांत माणुसकीची वाटते ती तरतूद अशी : परीक्षा दिलेल्यांची नोंदवही वेगळी, आणि परीक्षा न देता वर्षानुवर्षे व्यवसाय केलेल्यांची यादी वेगळी. ज्याचा गुरू निवर्तला आणि ज्याने प्रश्नपत्रिका कधी पाहिली नाही, अशा म्हाताऱ्या वैद्याला त्या यादीने मान राहील अशी जागा दिली. अर्थात त्याच यादीतून काही भोंदूही आत आले असतील. कोणतीही चाळण एकाच वेळी दोन्ही चुका टाळू शकत नाही.

पुढची वाट सरळ आहे. अहमदनगर, पुणे, मुंबई येथे महाविद्यालये; १९७० चा केंद्रीय कायदा; देशभर एकसारखी पदवी. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले ते नाशिकला, जिथे पद्यांनी पहिली सभा भरवली त्याच गावी. आज राज्यातल्या आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नपत्रिका तिथूनच निघतात. आणि गंमत अशी, की १९८८ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने पदवीधरांना पुन्हा जाणत्या वैद्यांकडे धाडण्याचा गुरुशिष्य अभ्यासक्रम सुरू केला. उमेदवारी दाराबाहेर काढली होती, ती खिडकीतून परत आली.

आजही अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यापुढे रुग्ण असतो आणि हाती रुग्णपत्रक. प्रकृती, सार, सत्त्व, आहारशक्ती अशा रकान्यांत एक असतो ‘देश’. तिथे जांगल, आनूप, साधारण यांपैकी एक शब्द लिहिला की काम भागते. खाडीकाठच्या पनवेलचा रुग्ण म्हणजे ‘आनूप’, असे पटकन लिहिले जाते. चरकाने मात्र या एका रकान्यात तीन प्रश्न विचारले होते : हा माणूस जन्मला कोणत्या भूमीत, वाढला कोणत्या, आणि आजारी पडला कोणत्या? मराठवाड्यात जन्मलेला, मुंबईच्या चाळीत वाढलेला आणि नवीन पनवेलच्या सातव्या मजल्यावर आजारी पडलेला रुग्ण समोर बसला आहे. परीक्षक विचारतात, ‘देश कोणता?’